टेप ड्राइव्ह बिघडलाय? आधी खटका सरकवा

मागच्या खेपेला मी कसलीच यादी न करता सर्व्हर रूममध्ये शिरलो. कृष्णाकाठचा साखर कारखाना, गळीत हंगाम आटोपून महिना झालेला. लेखापरीक्षकांना दोन हंगामांपूर्वीची ऊसबिलं हवी होती आणि आमचा एलटीओ-4 (बॅकअपच्या टेपांचा एक प्रकार, चौथी पिढी) ड्राइव्ह टेप आत घ्यायचा, अर्धा मिनिट घरघरायचा आणि बाहेर टाकायचा. चौथ्या खेपेला टेप आत राहिली. पडद्यावर प्रश्न आला: टेप ओळखता येत नाही, कोरी दिसते, नव्याने तयार करू का? सकाळपासून वैतागलेल्या माणसाचं बोट ‘हो’वर जातं. माझं गेलं.

टेप कोरी नव्हती. ड्राइव्हचं हेड, म्हणजे टेप वाचणारा-लिहिणारा भाग, मळलेलं होतं, त्यामुळे टेपच्या सुरुवातीला नोंदलेलं ओळखीचं लेबल त्याला वाचता येत नव्हतं. नवं लेबल लिहिणं मात्र नेमकं तेव्हाच जमलं त्याला. एलटीओत लिखाण जिथे थांबतं तिथे ‘डेटा इथे संपला’ अशी खूण पडते आणि ड्राइव्ह त्या खुणेच्या पुढे वाचायला जातच नाही. 820 मीटर टेपवर सगळी ऊसबिलं जागच्या जागी होती आणि आम्हाला त्यातलं एक पान मिळेना. शेवटी शेतकी विभागाच्या छापील रजिस्टरांवरून तीन माणसं पंधरा दिवस बसून सगळं पुन्हा टाइप करत होती. त्यांचा चहा माझ्या खिशातून गेला.

तेव्हा पहिलं काम: खटका. टेप ज्या प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये असते, त्यावर चिकटवलेल्या लेबलाच्या बाजूला एक चिमुकला सरकता खटका असतो, बहुतेक वेळा लाल, सोबत कुलपाचं चित्र. तो कुलपाच्या बाजूला सरकवला की त्या टेपवर ड्राइव्हला लिहिता येत नाही, मग तुम्ही पडद्यावर दहा वेळा ‘हो’ म्हणा. सरकवायला पेनाचं टोक पुरतं, खर्च शून्य. आणि फक्त आज लागणारी टेप नाही, कपाटातली प्रत्येक जुनी टेप. ड्राइव्हपाशी आल्यावर नाही, कपाटापाशीच. ड्राइव्हसमोर उभं राहिलं की डोकं बिघाडात असतं, खटका आठवत नाही. मला आठवला नव्हता.

दुसरं, चाचणीच्या टेपा. ज्यांच्यावरचा डेटा गेला तरी कुणी विचारणार नाही अशा दोन टेपा बाजूला काढा, त्यातली एक शक्यतो नवीकोरी. मार्करने मोठ्या अक्षरात ‘चाचणी’ लिहा. खटका उघडा असायला परवानगी फक्त यांनाच. चाचणीला खराब टेप घेऊ नका, नाहीतर दोष टेपचा की ड्राइव्हचा हे संध्याकाळपर्यंत कळणार नाही. आणि मार्चअखेरची टेप घालून ‘बघू तरी घेतोय का’ असं करू नका. आजारी ड्राइव्हला चांगली टेप म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्यापुढे धरलेला हात.

टेप घालण्यापूर्वी हातात घेऊन हलकेच हलवा. आत काही खुळखुळत असेल तर ती बाजूला ठेवा. दाराच्या आत एक बारीक पिन असते, तिला पकडून ड्राइव्ह टेप ओढून घेतो. कार्ट्रिज कधी खाली पडलं असेल तर ती पिन जागेवरून निसटते आणि मग टेप आत अडकते. अडकलीच तर बाहेर काढायचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि थांबा. मागे गुंडाळायला काही मिनिटं लागतात. चिमटा घेऊन आत जायचं नाही. आमच्या इलेक्ट्रिकल विभागातल्या एका उत्साही माणसाला मी हे दोनदा सांगितलं होतं.

आता सफाई. आमच्याकडे भुसा हवेतच असतो, बॉयलरच्या बाजूची खिडकी कुणीतरी उघडतंच. सफाईचं कार्ट्रिज वेगळं येतं, त्यावर साधारण सीएलएनने सुरू होणारा बारकोड असतो आणि ते जास्तीत जास्त 50 वेळा चालतं. यातली गोम अशी की संपलेलं कार्ट्रिज घातलं तरी ड्राइव्ह ते आत घेतो, थोडा घुरघुरतो आणि बाहेर देतो. माणसाला वाटतं सफाई झाली. झालेली नसते. म्हणून त्याच्या डबीवर प्रत्येक वेळी काडी मारा. उलट एका दिवसात पाचदा सफाईही नको, ती टेप खरखरीत असते आणि हेड झिजवते. एकदा करा, फार तर दोनदा. तेवढ्याने सुधारला नाही तर दोष मळाचा नाही.

ड्राइव्ह स्वतः काय सांगतोय तेही बघा, ते कुणी बघत नाही. आयबीएमच्या ड्राइव्हवर एक अक्षर किंवा आकडा दिसतो. ‘सी’ म्हणजे सफाई हवी, 7 म्हणजे दोष बहुधा टेपचा, 6 म्हणजे टेपचा किंवा ड्राइव्हचा, 5 म्हणजे ड्राइव्हच्या यंत्राचा. एचपीवर अक्षराऐवजी दिवे असतात. 6 दिसला की दुसरी टेप घालून बघावं लागतं, आणि ती दुसरी टेप कुठली? चाचणीची. कपाटातली नाही. कपाटातली घालायचीच वेळ आली तर खटका सरकवून. तिथेच पाय घसरतो.

केबल, पॉवर: बघा, पुढे चला. ड्राइव्ह जुन्या स्कझी (SCSI) जोडणीचा असेल तर शेवटी टर्मिनेटर, म्हणजे केबलचं टोक बंद करणारा डट्टा, आहे ना ते तपासा. नव्या सॅस (SAS) जोडणीचा असेल तर तो साध्या कार्डावर असावा, अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या रेड (RAID) कार्डावर नको.

लिनक्सवाल्यांसाठी एक जागा. तिथे एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात, एसटी0 आणि एनएसटी0. पहिला काम झालं की टेप गुंडाळून सुरुवातीला नेतो, आपल्या एसटीसारखा डेपोत परत. मग दुसरा बॅकअप पहिल्याच्या डोक्यावर लिहिला जातो. एका टेपवर एकापेक्षा जास्त बॅकअप घेत असाल तर एनएसटी0 वापरा. आणि तो बॅकअप झाल्यावर टेप बाहेर आली की? खटका. लगेच, हातात असतानाच.

कधी कधी ड्राइव्ह बिघडलेलाच नसतो, उपाशी असतो. एलटीओ-4 ला सेकंदाला 120 मेगाबाइटपर्यंत डेटा लागतो. जुन्या डिस्कवरच्या लाखभर बारक्या फाइली नेटवर्कवरून ओढल्या तर 20 सुद्धा मिळत नाहीत. मग तो थांबतो, मागे जातो, पुन्हा धावतो, दिवसभर बूट पॉलिश केल्यासारखी टेप घासत बसतो, त्यात टेपही झिजते आणि हेडही. आधी सगळं एका वेगवान डिस्कवर एकत्र करा, मग टेपवर. आमच्या निम्म्या ‘बिघाडां’चं औषध हेच निघालं.

एवढं करूनही चाचणीची टेप लिहून परत वाचता आली नाही, तर हा ड्राइव्ह दुरुस्त करण्यात पैसे घालू नका. आता पर्याय. आधी मोजा: कुठल्या टेपा अजून लागणार आहेत? जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात, म्हणजे काही टेपांना हात लावावाच लागणार. त्यासाठी वाचणारा ड्राइव्ह हवा, आणि इथे लोक हमखास फसतात. एलटीओ-4 ची टेप एलटीओ-5 वाचतो आणि लिहितो, एलटीओ-6 फक्त वाचतो, एलटीओ-7 तिला ओळखतही नाही. ‘नवीनच घेऊ’ म्हणून कुणी एलटीओ-8 ची ऑर्डर काढत असेल तर त्याचा हात धरा. त्याला एलटीओ-7 आणि 8 शिवाय काही वाचता येत नाही. वापरलेला एलटीओ-6 शोधा, देणाऱ्याकडे तुमच्याच टेपवर वाचून दाखवायला सांगा. टेप नेताना काय सरकवलेलं असेल, ते सांगायची गरज नसावी. तरी सांगतो. खटका.

पुढच्यासाठी टेप हवीच असं नाही. आमच्याइतक्या डेटाला दोन-तीन मोठ्या बाहेरच्या हार्ड डिस्क आलटून पालटून पुरतात, अट एवढीच की एक डिस्क कायम केबल काढून, दुसऱ्या इमारतीत. सतत जोडलेल्या नॅसवर (नेटवर्कवरच्या डिस्कपेटीवर) भरवसा ठेवू नका, रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तर तो तिथेही पोचतो. क्लाउड चालेल, पण परत आणायचा हिशेब आधी करा: 2 टीबी आणि 100 एमबीपीएसची लाइन म्हणजे अडथळा न येता 44 तास, आणि आमच्याकडची लाइन पावसात किती टिकते ते तुम्हाला माहीत आहे. अ‍ॅमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हसारख्या स्वस्त क्लाउड साठवणीतला डेटा मागितल्यावर खुला व्हायलाच 12 तासांपर्यंत लागतात, ते वेगळे.

बाकीचं भराभर. बॅकअप सॉफ्टवेअरचा कॅटलॉग, म्हणजे कुठल्या टेपवर काय आहे त्याची यादी, दुसरीकडे कॉपी करा. सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि लायसन्स कागदावर लिहून ठेवा. टेप एन्क्रिप्ट (सांकेतिक कुलूपबंद) केली असेल तर तिची किल्ली कुठे आहे ते आज शोधा. टेपा उभ्या ठेवा, 16 ते 25 अंशांत, 20 ते 50 टक्के आर्द्रतेत. म्हणजे जुलैत उघड्या कपाटात नाही. थंड खोलीतून आणलेली टेप एक दिवस तशीच राहू द्या. प्रत्येक टेप डिस्कवर उतरवली की चेकसम, म्हणजे फाइल बदलली नाही ना हे पडताळायचा आकडा, घ्या. जुना ड्राइव्ह भंगारात देण्यापूर्वी आत टेप राहिली नाही ना बघा.

आणि कपाटापाशी परत जा. मी काल गेलो. एकतीस टेपांपैकी चारांचे खटके उघडे होते.