दहावी सायन्सच्या नोट्स: कुठल्या धड्याला कुठली आकृती

दहावीच्या मुलांच्या सायन्सच्या नोट्स उघडल्या की बहुतेक वेळा पुस्तकच परत उतरवलेलं दिसतं, फक्त चार रंगांच्या पेनांनी. मग कोणीतरी सांगतं माइंड मॅप काढ, की लगेच सगळ्या धड्यांचे माइंड मॅप, मधे एक गोल आणि चारी बाजूंनी फांद्या. दिसायला भारी, पण अर्ध्या धड्यांना तो बसतच नाही. आधी बघायचं की धड्यात चाललंय काय, काहीतरी पायरीपायरीने घडतंय, का गट पाडलेत, का दोघांची तुलना आहे, का एक गोष्ट सरकली की दुसरी सरकते असं आहे, आणि मग आकृती ठरवायची.

पेशीश्वसन घ्या. इथे मुलं गडबडतात ती नावांमुळे नाही, कुठे काय घडतं यामुळे. म्हणून पानभर मोठा चौकोन काढा, ती पेशी, आणि आत एक लांबट डबा, ती तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया). ग्लायकोलायसिस डब्याबाहेर पेशीद्रव्यात लिहायचं, ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुविक आम्लाचे दोन रेणू, तिथून बाण डब्यात, आत क्रेब चक्र आणि इलेक्ट्रॉन वहन साखळी. आता प्रत्येक ठिकाणी काय मिळालं ते बारीक अक्षरात लिहा: सगळे मिळून एनएडीएच2 चे 10 रेणू, प्रत्येकी 3 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) म्हणजे 30, एफएडीएच2 चे (हेही एनएडीएच2 सारखेच ऊर्जा वाहून नेणारे) 2, प्रत्येकी 2 म्हणजे 4, आणि थेट मिळालेले ग्लायकोलायसिसचे 2 अन् क्रेब चक्राचे 2. झाले पुस्तकातले 38! पाठ न करता हिशोब डोळ्यासमोर येतो. ऑक्सिजन नसेल तर बाण डब्यात न जाता बाहेरच वळवायचा, यीस्टमध्ये इथेनॉलकडे, आपल्या स्नायूंत लॅक्टिक आम्लाकडे.

बहिर्गोल भिंगाच्या प्रतिमांचा तक्ता तर मुलं अक्षरशः पाढ्यासारखा घोकतात, सहा ओळी, आणि पेपरात चौथी पाचवीत जाते. तक्ता सोडा, एक आडवी रेघ मारा. डावीकडून 2एफ1, एफ1, मधे ओ म्हणजे भिंग, मग एफ2, 2एफ2 (एफ म्हणजे नाभी, 2एफ म्हणजे तिच्या दुप्पट अंतर). वस्तूच्या सहा जागांना डावीकडे 1 ते 6 नंबर द्या, अनंतापासून भिंगाकडे येत, आणि तेच नंबर प्रतिमा जिथे पडते तिथे टाका. लगेच दिसतं की वस्तू भिंगाकडे सरकते तशी प्रतिमा भिंगापासून लांब जाते आणि मोठी होत जाते, एफ2 वरचा ठिपका, मग 2एफ2 च्या अलीकडे लहान, 2एफ2 वर वस्तूएवढीच, पलीकडे मोठी, पाचव्याला थेट अनंत. सहावी तेवढी वस्तूच्याच बाजूला येते, आभासी, सुलटी, मोठी. ती लाल पेनने काढा, भिंगातून वाचतो तेव्हा दिसते ती हीच.

प्राण्यांच्या वर्गीकरणाला झाड, पण नुसत्या नावांचं नको, प्रत्येक फाट्यावर प्रश्न हवा. पृष्ठरज्जू आहे का? सममिती कुठली? देहगुहा आहे का, असेल तर खरी की फसवी? हो-नाही करत खाली उतरलं की संघ सापडतो, आणि परीक्षेत लक्षणं देऊन संघ ओळखा विचारलं तर हेच करायचं असतं. तारामासा मात्र इथे त्रास देतो, प्रौढ अवस्थेत अरीय सममिती (केंद्राभोवती सारखी) आणि डिंभ म्हणजे अळीसारख्या बालावस्थेत द्विपार्श्व (डावी-उजवी बाजू सारखी), त्यामुळे त्याच्या फांदीवर टीप लागतेच. धातुविज्ञानालाही प्रश्नांचा ओघतक्ता चालतो, धातूक (ज्यातून धातू काढतात ते खनिज) सल्फाइड असेल तर भाजणे, कार्बोनेट असेल तर निस्तापन (मर्यादित हवेत तापवणे).

सूत्री आणि अर्धगुणसूत्री या पेशीविभाजनाच्या दोन प्रकारांना व्हेन आकृती (एकमेकांवर चढलेली दोन वर्तुळं) काढा असं सगळीकडे सांगतात, मला नाही पटत. मधल्या जागेत दोन शब्दही मावत नाहीत. सरळ दोन रकाने करा.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, बाणावर शब्द लिहायचा. नुसता बाण म्हणजे 'यांचा काहीतरी संबंध आहे' एवढंच. 'पासून बनतं', 'मुळे वाढतं', 'मध्ये घडतं' असं काहीतरी पाहिजे. 1970 च्या दशकात अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक यांनी कॉन्सेप्ट मॅप आणला त्यात हे जोडणारे शब्दच महत्त्वाचे होते. बाणावर काय लिहायचं ते सुचत नसेल तर तो मुद्दा कळलेलाच नाही समजा, धडा परत उघडा.

एका धड्याला एक पान, पेन्सिलने, कारण पहिल्यांदा जागा चुकतेच. रंग दोन बास. दुसऱ्या दिवशी पुस्तक बंद करून कोऱ्या कागदावर तीच आकृती काढायची, राहिलेलं वेगळ्या पेनने भरायचं, आणि पुढच्या वेळी आधी तेवढंच बघायचं. भिंतीवर चिकटवून रोज नुसतं बघत बसलात तर ओळखीचं वाटतं, आठवत काही नाही. पेपरात मात्र ओघतक्ता पूर्ण करा असं विचारलं असेल तरच हे चौकोन-बाण काढा, बाकी उत्तरं मुद्द्यांत लिहायची आणि भिंगाला नीट किरणाकृती, पट्टी लावून, किरणांवर बाण दाखवून.