मानमोडीचा नमुना जनुकीय तपासणीसाठी कसा द्यावा

परसातील कोंबड्यांत किंवा हौसेने पाळलेल्या कबुतरांत माना वाकड्या होऊन मरतूक सुरू झाली, की पहिला संशय मानमोडीचा, म्हणजेच राणीखेतचा, येतो. परंतु बर्ड फ्लूची लक्षणेही अशीच दिसत असल्याने मेलेला पक्षी स्वतः फाडू नये आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला त्वरित कळवावे. पशुवैद्यक आजारी पक्ष्याच्या श्वासनलिकेतून व गुदद्वारातून वेगवेगळे स्वॅब घेऊन ते बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेकडे, उदाहरणार्थ पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे, पाठवतात.

सोबतची माहिती मात्र पाळणाऱ्यानेच द्यायची असते, आणि माझ्या मते तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. लासोटा किंवा आर-टू-बी लस कधी दिली हे अवश्य लिहावे, कारण लसीतील जिवंत विषाणूही स्वॅबमध्ये सापडू शकतो. प्रयोगशाळेत विषाणूच्या एफ जनुकाचा (पेशीत शिरण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाचा) क्रम वाचला की विषाणू लसीतला की साथीतला, हा फरक उलगडतो: लासोटा जनुकप्रकार (विषाणूची जनुकीय शाखा) २ मध्ये मोडते, भारतातील साथींत प्रकार १३ वारंवार आढळला आहे, तर कबुतरांतील विषाणू बहुधा प्रकार ६ चा असतो. म्हणून कोंबड्या आणि कबुतरे एकाच आवारात असतील, तर दोन्हींचे नमुने स्वतंत्रपणे घेण्याचा आग्रह धरावा.