मॉडेल रेल्वेच्या पॉइंट मोटरचं वायरिंग कसं करावं

बेसबोर्डखाली, म्हणजे रूळ बसवलेल्या फळीखाली, शिरून वायरी जोडायला घेण्याआधी मोटर हातात घ्या आणि ती कोणत्या प्रकारची आहे ते नीट बघा. पुढचं सगळं त्यावरच ठरतं. गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारा पॉइंट हलवायला मुख्यतः दोन तऱ्हेच्या मोटरी मिळतात. पहिली सोलेनॉइड. तिच्यात दोन कॉइल असतात आणि ज्या कॉइलला वीज मिळेल तिकडे दांडा झटक्यात ओढला जातो. पेकोची पीएल-१० ही याच जातीची. दुसरी स्लो-मोशन मोटर. तिच्यात गिअर असलेली छोटी डीसी मोटर असते आणि ती पॉइंट सावकाश सरकवते. सर्किट्रॉनची टॉर्टॉइज हे तिचं सर्वांत ओळखीचं उदाहरण. सोलेनॉइडला वीज क्षणभरच द्यायची, स्लो-मोशनला ती सतत चालू ठेवायची. यात गफलत झाली तर सोलेनॉइडची कॉइल तापून जळते. (सर्वो मोटरीही वापरतात, पण त्यांना स्वतंत्र कंट्रोल बोर्ड लागतो. तो विषय वेगळा.)

वीज वेगळी घ्या

पॉइंट मोटरींची वीज रुळांच्या विजेवरून घेऊ नका. डीसीसी लेआउटवर, म्हणजे रुळांमधूनच इंजिनांना डिजिटल आज्ञा जातात अशा मांडणीत, तर हे फारच महत्त्वाचं. इंजिन उलट्या लागलेल्या पॉइंटवर शिरलं की शॉर्ट होतो, रुळांची वीज तुटते, आणि पॉइंटची वीजही तिथूनच येत असेल तर ज्या पॉइंटमुळे शॉर्ट झाला तोच बदलता येत नाही. वेगळा, बंद डब्यातला तयार अडॅप्टर किंवा ट्रान्सफॉर्मर घ्या. मेन लाइनकडची बाजू उघडण्याचं काहीच कारण नाही.

सोलेनॉइड मोटर

पीएल-१० ला चार पट्ट्या असतात, प्रत्येक कॉइलच्या दोन. दोन्ही कॉइलची एकेक पट्टी वायरने एकमेकींना जोडा. ही झाली कॉमन. आता मोटरकडून तीन वायरी निघतील: एक कॉमन आणि प्रत्येक कॉइलची एकेक.

स्विच मात्र बोट काढताच मध्ये परत येणारा, स्प्रिंगचा सेंटर-ऑफ टॉगलच हवा, नाहीतर दोन पुश-बटणं. साधा चालू-बंद स्विच इथे लावायचाच नाही.

अडॅप्टर आणि स्विच यांच्यामध्ये कॅपॅसिटर डिस्चार्ज युनिट, म्हणजे सीडीयू, बसवा. माझ्या मते सोलेनॉइडवाल्यांनी यावर काटकसर करू नये. सीडीयूतला मोठा कॅपॅसिटर आधी भरून राहतो आणि बटण दाबताच साठवलेली सगळी ऊर्जा एका दणक्यात कॉइलमध्ये सोडतो. त्यामुळे पॉइंट ठामपणे बदलतो. शिवाय बटण चुकून अडकलं तरी कॅपॅसिटर रिकामा झाल्यावर कॉइलपर्यंत पोचणारा प्रवाह अगदी थोडा उरतो, म्हणून कॉइल वाचते. जोडणी सोपी आहे: सीडीयूच्या इनपुटला १६ व्होल्ट एसी, आउटपुटची एक वायर सगळ्या मोटरींच्या कॉमनला, दुसरी सगळ्या स्विचच्या मधल्या टर्मिनलला. स्विचची बाहेरची दोन टर्मिनलं त्या त्या मोटरच्या दोन कॉइलला.

त्या क्षणी कॉइल काही अँपिअर ओढते, म्हणून बारीक वायर चालत नाही. ०.५ चौरस मिमीची वायर ठीक. लांबवर जाणारी कॉमन वायर त्याहून जाड घ्या. बटण दाबल्यावर पाती (पॉइंटचे इकडून तिकडे सरकणारे रूळ) अर्ध्यावर थरथरून थांबली तर लगेच वायरिंगवर संशय घेऊ नका. मोटर पॉइंटच्या बरोबर मध्यावर बसलेली नसते किंवा पाती ढकलणारी मोटरची पिन भोकाच्या कडेला घासत असते, असंच बहुधा निघतं. बोटाने पाती दोन्हीकडे सरकवून बघा, अडकण लगेच कळते.

स्लो-मोशन मोटर

नवा लेआउट बांधत असाल तर मी हीच सुचवेन. पाती दिसेल अशी सावकाश सरकते, शेवटाला टेकली की मोटर अडून उभी राहते, आणि तशीच चालू राहिली तरी तिला धोका नसतो. अडलेल्या अवस्थेत टॉर्टॉइज १५ मिलिअँपिअरच्या आसपास घेते. म्हणजे २० मोटरी मिळून ३०० मिलिअँपिअर, त्यामुळे १२ व्होल्ट डीसीचा एक अँपिअरचा अडॅप्टर आरामात पुरतो. वायरही बारीक चालते.

दिशा बदलायची म्हणजे मोटरच्या दोन वायरींचे प्लस-मायनस उलटवायचे. त्यासाठी सहा टर्मिनलांचा डीपीडीटी टॉगल, म्हणजे दोन वायरी एकदम बदलणारा स्विच, घ्या. मधल्या दोन टर्मिनलांवरून मोटरला वायरी न्या. टॉर्टॉइजवर त्या १ आणि ८ क्रमांकाच्या पट्ट्यांना लागतात. अडॅप्टरचे प्लस आणि मायनस वरच्या दोन टर्मिनलांना. तिथून खालच्या दोघांकडे तिरप्या वायरी: वरचं डावं खालच्या उजव्याला, वरचं उजवं खालच्या डाव्याला. या दोन तिरप्या वायरी एकमेकींना ओलांडतात, म्हणून त्या आवरण असलेल्याच घ्या आणि सोल्डरच्या जागी श्रिंक ट्यूब चढवा. मोटर उलट दिशेला गेली तर तिच्या दोन वायरींची अदलाबदल करा.

पॅनलवर दिवा हवा असेल तर दोन पायांचा दुरंगी एलईडी मोटरच्या एका वायरीत सिरीजमध्ये घाला. मोटरच प्रवाह मर्यादित ठेवते, त्यामुळे रेझिस्टर लागत नाही. मोटरला दोनेक व्होल्ट कमी मिळतात, पण त्याने ती उलट शांत चालते. पॉइंटमध्ये पाती खटकन बसवणारी स्प्रिंग असेल तर ती मात्र बहुतेक वेळा काढावी लागते.

फ्रॉगची वीज

दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात तो फ्रॉग धातूचा असेल, तर पॉइंट बदलताना त्याचीही पोलॅरिटी बदलायला हवी. फ्रॉगच्या पुढच्या दोन्ही आतल्या रुळांना इन्सुलेटेड जॉइनर लावा. फ्रॉगला एक वायर सोल्डर करून मोटरमधल्या बदलत्या स्विचच्या कॉमनला जोडा, आणि त्या स्विचची उरलेली दोन टर्मिनलं दोन्ही बाहेरच्या रुळांना. टॉर्टॉइजवर ४ हा कॉमन आहे, २ आणि ३ त्याच्या जोडीचे. सोलेनॉइडमध्ये असा स्विच नसेल तर वेगळा मायक्रोस्विच बसवा.

मग वीज बंद ठेवून मल्टिमीटर बीपवर लावा. पाती ज्या बाहेरच्या रुळाला टेकली आहे त्याच्याशी फ्रॉग बीप द्यायला हवा, समोरच्याशी नाही. पॉइंट उलटवून पुन्हा तपासा. दोन्ही वेळा उलटंच येत असेल तर रुळांकडे गेलेल्या दोन वायरी आपसात बदला. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना पॉइंटचा क्रमांक लिहिलेली पट्टी चिकटवा आणि ही तपासणी पुरी झाल्यावरच पुढच्या पॉइंटला हात घाला.