निरंक म्हणजे रिकामे नव्हे

बेळगाव जिल्ह्यातील आरोग्य कर्मचाऱ्यांना साथरोगांच्या नोंदींचे विश्लेषण शिकवण्याचे काम मी काही वर्षे करीत आहे. नव्याने आलेले बहुतेक जण पहिल्याच दिवशी विचारतात, की एक्सेल पुरेल की आणखी एखादे सॉफ्टवेअर शिकावे लागेल. पिव्होट टेबल, म्हणजे नोंदींची गटवार मोजणी करणारी एक्सेलमधली सोय, नीट जमले तर तालुक्याच्या पातळीवरचे बहुतेक काम भागते, आणि ते थोड्या दिवसांत जमते. समोरची नोंद कोणी, कोठे बसून आणि केव्हा केली हे ओळखायला मात्र महिने लागतात.

एकात्मिक रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम देशात २००४ साली सुरू झाला आणि २०२१ पासून नोंदी नव्या संगणकीय मंचावर होऊ लागल्या. उपकेंद्रातील सेविका लक्षणांवरून ‘एस’ नमुना भरते, डॉक्टर तपासणीवरून ‘पी’ आणि प्रयोगशाळा चाचणीवरून ‘एल’. तापाचा एकच रुग्ण या तिन्हींत येऊ शकतो, त्यामुळे तिन्ही आकड्यांची बेरीज करणे ही नवख्यांची पहिली चूक ठरते. दुसरी चूक अधिक घातक आहे: एखाद्या उपकेंद्राने ‘निरंक’ कळवले असेल तर तेथे रुग्ण आढळला नाही असे म्हणता येते, पण रकाना रिकामा असेल तर काहीच म्हणता येत नाही. रिकाम्या रकान्यात शून्य भरणाऱ्याने साथ झाकलेली असू शकते.

एका पावसाळ्यात प्रशिक्षणार्थींनी जुलाबाच्या रुग्णांचा आलेख काढला तेव्हा एका आठवड्याचा स्तंभ एकदम उंच गेला आणि सगळे घाबरले. चौकशीअंती कळले की रजेवरून परतलेल्या सेविकेने तीन आठवड्यांच्या नोंदी एकाच दिवशी भरल्या होत्या. लक्षणे सुरू झाल्याच्या तारखेने आलेख पुन्हा काढल्यावर तो उंचवटा राहिला नाही. तेव्हापासून मी नोंदीची तारीख आणि लक्षणे सुरू झाल्याची तारीख असे दोन आलेख शेजारी शेजारी काढून घेतो.

सीमाभागात पत्त्याचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कर्नाटकातील निपाणीचा रुग्ण उपचारासाठी कोल्हापूरला जातो, महाराष्ट्रातील चंदगडचा बेळगावला येतो, आणि रुग्णालयाच्या गावावरून नकाशा काढला तर दोन्ही राज्यांचे चित्र चुकते. त्यातही राहण्याचे ठिकाण आणि लागण झाल्याचे ठिकाण एकच असेल असे नाही. उदाहरणार्थ, माकडतापाचा विषाणू गोचिडांतून माणसात येतो. गोव्यातील काजूच्या बागांत कामाला जाणारा मजूर घरी परतल्यावर तापाने आजारी पडला, तर औषधोपचार येथे होतील, पण गोचिडांचा शोध तिकडे घ्यावा लागेल. म्हणून रुग्णयादीत ‘मागील दोन आठवड्यांत कोठे होता’ हा रकाना मी सोडू देत नाही.

नावांचेही तसेच आहे. एकच माणूस एका यादीत मराठी वळणाने आणि दुसरीत कानडी वळणाने लिहिला जातो, तर शहराचे नाव जुन्या नोंदींत ‘बेळगाव’ आणि २०१४ नंतरच्या नोंदींत ‘बेळगावी’. संगणक त्यांना निराळे समजतो, म्हणून गावाचा संकेतांक, वय आणि लक्षणांची तारीख जुळवूनच दुबार नोंदी काढून टाकाव्यात.

यानंतरच रुग्णांचा दर, म्हणजे दर हजार वस्तीमागे किती रुग्ण, हे काढावे. सहा हजार वस्तीच्या गावात बारा रुग्ण आणि एक हजार वस्तीच्या वाडीत आठ रुग्ण असतील, तर आधी वाडीत जायचे, कारण तेथे हजारी आठ आणि गावात हजारी दोन असे प्रमाण आहे. हे गणित सर्वांना येते, तरीही घाईत माणसे बाराच्या गावाकडे निघतात.

नव्याने काम सुरू करणाऱ्याने पहिले काही महिने दर आठवड्याला यादीतील पाच नोंदी निवडून संबंधित सेविकेला फोन करावा. मराठीत बोलायचे की कानडीत, हे तिच्यावर सोडावे. ‘ताप नेमका कोणत्या दिवशी आला?’ या प्रश्नाचे उत्तर ती आपल्या भाषेत बाजाराच्या नाहीतर सणाच्या दिवसावरून सांगते, आणि त्यावरून लावलेली तारीख रकान्यातल्या तारखेपेक्षा पुष्कळदा अधिक खरी निघते.