आयफोनवर जीमेल आणि गूगल कॅलेंडर एकाच अकाउंटमधून सिंक

पूर्वी कॉम्प्युटरवर कॅलेंडरमध्ये मीटिंग टाकली तरी आयफोनवर ती दिसायचीच नाही, केबल लावून सिंक (दोन्हीकडचं सारखं) करेपर्यंत वेळ टळून गेलेली असायची, आणि मेलचंही तेच, उघडून बघितल्याशिवाय कळायचं नाही. यावर तेव्हा उपाय फोनमध्येच होता, फक्त अकाउंट जोडताना 'जीमेल' निवडायचं नाही, 'मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज' (मायक्रोसॉफ्टची मेल-कॅलेंडरची सेवा) निवडायचं. साध्या जीमेल अकाउंटला नवीन फोन असा जोडणं गूगलने जानेवारी २०१३ मध्ये बंद केलं, त्याआधी ते असं करायचे.

१. सेटिंग्जमध्ये मेल, कॉन्टॅक्ट्स, कॅलेंडर्स उघडायचं, अ‍ॅड अकाउंट करायचं आणि एक्सचेंज घ्यायचं.

२. ईमेल आणि युजरनेम दोन्हीकडे पूर्ण जीमेल पत्ता टाकायचा. डोमेनचा रकाना रिकामाच सोडायचा, इथेच बरेच जण काहीतरी भरायचे आणि मग अडकायचे.

३. सर्व्हर विचारला की एम डॉट गूगल डॉट कॉम टाकायचं.

४. मेल आणि कॅलेंडर ऑन करायचं, पुश (नवीन काही आलं की लगेच फोनवर येणं) पण ऑन ठेवायचं.

माझ्याकडे कॉम्प्युटरवर साडेचारची वेळ बदलून पाच केली तर हातातल्या फोनवर ती बघता बघता बदलली, फार बरं वाटलं. एकापेक्षा जास्त कॅलेंडर हवी असतील तर फोनच्या ब्राउझरमध्ये एम डॉट गूगल डॉट कॉम स्लॅश सिंक उघडून २५ पर्यंत निवडता यायची.

आणि एक नक्की सांभाळावं लागायचं, कॉन्टॅक्ट्स किंवा कॅलेंडर ऑन करताना फोनमधलं आधीचं ठेवायचं की डिलीट करायचं असं फोन विचारायचा, तिथे घाईत डिलीट दाबलं तर नंबर जायचे, त्यामुळे आधी आयट्यून्समध्ये (अ‍ॅपलचा कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम) बॅकअप घ्यावाच लागायचा. पुशमुळे बॅटरी लवकर उतरत असेल तर पुश बंद करून फेच (फोनने ठराविक वेळाने स्वतः तपासणं) दर ३० मिनिटांनी ठेवायचं.