सीपॅपचा मास्क लावला की जीव घाबरतो? मग आधी बेडवरून उठा

स्लीप स्टडी झाली, एपनिया (झोपेत श्वास मधूनमधून थांबणं) निघाला, डॉक्टरांनी प्रेशर ठरवून दिलं, सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, घरी आलं. टेक्निशियन येतो, पट्टे आवळून दाखवतो, "काका, होईल सवय" म्हणतो आणि पुढच्या कॉलसाठी घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गायब होतो. मग रात्री हे काका अंधारात, दमलेले, पहिल्यांदाच तो मास्क बांधून आडवे होतात, जीव कासावीस होतो, आणि आठवड्याभरात मशीन माळ्यावर. आमच्या सोसायटीत आणि नातेवाइकांत इतक्या जणांना मी हा मास्क लावायला शिकवलाय की आता "सवय होईल" हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं. सवय आपोआप होत नाही, करावी लागते, आणि ती सुद्धा दिवसा, सोफ्यावर बसून.

मास्क कुठला? नाक मोकळं असेल तर नाकपुड्यांना टेकणारा छोटा नेझल पिलोवाला घ्या, डोळ्यांसमोर काही येत नाही त्यामुळे भीती निम्मी होते. तोंडाने श्वास घेत असाल तर फुल फेस, म्हणजे नाक-तोंड दोन्ही झाकणारा. फिटिंग आडवं पडून बघायचं, बसून नाही.

सुरुवातीला नळी न जोडता नुसता मास्क हातात धरून नाकावर ठेवा, टीव्ही बघत. कंटाळा आला की पट्टे लावा. कंटाळा येणं हेच हवंय, पुढे चला.

आता हवा. इथेच सगळे अडकतात, मी पण इथेच अडकलो होतो. पहिला नियम, मशीन बंद असताना नळी जोडलेला मास्क तोंडावर बांधायचा नाही, कोणी कितीही सांगू दे. आधी मशीन चालू, हवा तळहातावर घ्या, मग मास्क नाकाशी आणा, पट्टे न लावता हातानेच धरा, नको वाटलं की हात खाली. काही मशीनं मास्क काढला की आपोआप बंद पडतात, ते सेटिंग तेवढ्यापुरतं बंद करून घ्या. नाकाचा मास्क असेल तर तोंड मिटलेलं ठेवा, उघडलंत की हवा घशातून भसकन बाहेर येते आणि माणूस दचकतोच.

आणि कृपा करून "दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला विसरा. घाबरलेला माणूस आधीच जास्त हवा ओढत असतो, त्यात अजून ओढली की हाताला मुंग्या, डोकं हलकं, आणि खापर मास्कवर. श्वास नेहमीसारखाच घ्यायचा, फक्त सोडताना सावकाश सोडायचा. सोडताना समोरून हवा ढकलते म्हणून त्रास होत असेल तर बहुतेक मशीनमध्ये श्वास सोडताना प्रेशर उतरवायची सोय असते, ती चालू करून घ्या.

आता जे कोणी सांगत नाही ते. घुसमट होतेय म्हणजे हवा जास्त होतेय असं सगळे धरून चालतात. पुष्कळदा उलट असतं, हवा कमी पडत असते! रॅम्प चालू असला की मशीन साधारण 4 प्रेशरपासून सुरू होतं आणि हळूहळू वर जातं, आणि धिप्पाड माणसाला 4 वर हवाच पुरत नाही, नाक दाबून धरल्यासारखं वाटतं. डॉक्टरांना सांगून सुरुवातीचं प्रेशर थोडं वाढवून घेतलं की चेहऱ्यावरचा ताण उतरलेला दिसतो. उपचाराचं मुख्य प्रेशर मात्र स्वतःच्या मनाने हलवायचं नाही.

मग खरी भीती, लाइट गेली तर? पावसाळ्यात आपल्याकडे जाते कधीकधी. फुल फेस मास्कला एक झडप असते, मशीन बंद पडलं की ती उघडते आणि खोलीतली हवा आत येते. नाकाच्या मास्कला तोंड मोकळंच असतं. पण हे वाचून पटत नाही, म्हणून दिवसा मास्क लावून बसा आणि घरच्या कोणाला तरी मुद्दाम प्लग काढायला सांगा. त्यानंतर एका हाताने, डोळे मिटून मास्क काढायचा सराव करा, तोही हात आपोआप क्लिपवर जाईपर्यंत. (पेसमेकर असेल, किंवा शेजारी झोपणाऱ्याला असेल, तर चुंबकाच्या क्लिपवाला मास्क घेऊ नका.) मास्कवर बारीक भोकं असतात, त्यातून सतत सूं आवाज येतो, सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. एका काकांनी आवाज नको म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली होती, असलं काही करू नका.

हे जमलं की दुपारची डुलकी मास्क लावून काढा, मामलेदारची मिसळ हाणून आल्यावर नको, पोटात आधीच आग असते. मग रात्र. मध्येच दचकून जाग आली तर मास्क काढा, उठून बसा, पाणी प्या, शांत झालात की परत लावा. नळीत गुडगुड आवाज यायला लागला तर एसीमुळे ह्युमिडिफायरच्या (मशीनमधल्या, हवेत ओलावा घालणाऱ्या भागाच्या) वाफेचं पाणी झालंय, ओलावा कमी करा, मशीन बेडपेक्षा खाली ठेवा.

लिफ्टमध्ये, एमआरआयमध्ये सुद्धा घाबरायला होत असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. मनाने झोपेची गोळी नाही, आणि "एक पेग मारून झोपतो" तर अजिबात नाही, दारूने घसा आणखी सैल पडतो. आणि एवढं करूनही जमत नसेल तर मशीन विकायला काढण्याआधी त्यातला डेटा घेऊन डॉक्टरांकडे जा, मास्क कुठल्या रात्री किती गळत होता ते त्यात दिसतं, आणि नुसती साइझ बदलून काम होऊन जाऊ शकतं.