आयपीएमआयटूलने सर्व्हर रीसेट करताय? आधी या चुका टाळा

सर्व्हर पिंगला उत्तर देत नाही, एसएसएच (लांबून लॉगिन) लागत नाही, फोनवर फोन येताहेत. अशा वेळी हात थेट ‘चॅसिस पॉवर रीसेट’कडे जातो आणि घाई इथेच नडते. ऑपरेटिंग सिस्टिम गोठली तरी मदरबोर्डवरचा बीएमसी हा छोटा कंट्रोलर स्टँडबाय विजेवर चालूच असतो. आयपीएमआय या ठरलेल्या पद्धतीने बीएमसीशी बोलणारं कमांड-लाइन साधन म्हणजे आयपीएमआयटूल. त्याच्यामार्फत बीएमसीला आधी विचारा.

‘चॅसिस स्टेटस’ने पॉवर आणि फॅनचा फॉल्ट कळतो, ‘एसडीआर ईलिस्ट’ने सेन्सरचे आकडे. पण खरी गोष्ट ‘एसईएल ईलिस्ट’मध्ये, म्हणजे बीएमसीच्या घटनांच्या लॉगमध्ये असते: मेमरीची ईसीसी एरर (साठवलेल्या डेटात सापडलेली चूक), गेलेला पॉवर सप्लाय, वाढलेलं तापमान. हा लॉग आधी फाइलमध्ये उतरवून घ्या. पार्ट बदलून मागताना कंपनी हाच मागते. तो न वाचता ‘एसईएल क्लिअर’ मारणं म्हणजे पुरावा पुसणं. उलट, वर्षानुवर्षं साफच केला नाही तर लॉग भरतो आणि बरेच बीएमसी नवी नोंद घेणं थांबवतात. वेळाही तपासा, बीएमसीचं घड्याळ वेगळं असतं, ‘एसईएल टाइम गेट’ने दिसतं.

सगळ्यात महाग पडणारा गोंधळ रीसेटच्या प्रकारांचा. ‘पॉवर सॉफ्ट’ ऑपरेटिंग सिस्टिमला नीट बंद व्हायला सांगतं. स्क्रीनवर लगेच ‘चॅसिस पॉवर कंट्रोल: सॉफ्ट’ उमटतं, पण त्याचा अर्थ निरोप पोचला एवढाच. मशीन खरंच बंद झालं का, हे ‘पॉवर स्टेटस’ने पाहा. सिस्टिम गोठली असेल तर ती हे ऐकणारच नाही. ‘पॉवर रीसेट’ वीज न तोडता मशीन जागच्या जागी रीसेट करतं. ‘पॉवर सायकल’ वीज तोडून, निदान एक सेकंद थांबून परत देतं. दोन्हींत डिस्कवर न लिहिलेला डेटा जातो, म्हणून सॉफ्टला काही मिनिटं द्याच. आणि ‘एमसी रीसेट कोल्ड’ या सगळ्यांहून वेगळं: ते बीएमसीला रीसेट करतं, सर्व्हरला नाही. सेन्सर वाचले जात नसतील, रिमोट कन्सोल अडकला असेल तेव्हा हेच वापरा. बीएमसी परत यायला थोडा वेळ घेतो. तेवढ्यात घाबरून सर्व्हरची वीज तोडू नका.

लांबून जोडताना ‘लॅनप्लस’ इंटरफेस द्या, आयपीएमआय २.० साठी तोच लागतो. आयपीएमआय ज्यावर चालतं तो यूडीपी ६२३ पोर्ट मात्र इंटरनेटवर कधीही उघडा ठेवू नका. आयपीएमआय २.० च्या लॉगिन पद्धतीतच अशी खोट आहे की पासवर्डचा हॅश (त्याचं सांकेतिक रूप, ज्यावरून पासवर्ड ओळखता येऊ शकतो) बाहेरच्याला मिळवता येतो. वेगळं मॅनेजमेंट नेटवर्क हवंच. पासवर्ड ‘कॅपिटल पी’ (-P) पर्यायाने कमांडमध्येच लिहिला तर तो शेल हिस्टरीत (दिलेल्या कमांडच्या यादीत) उरतो, ‘स्मॉल ए’ (-a) दिलं की टूल तो विचारून घेतं.

‘बूटडेव्ह पीएक्सई’ (पुढचा बूट नेटवर्कवरून करायला सांगणारी कमांड) साधारणपणे एकाच बूटपुरतं असतं. ते देऊन चहाला गेलात आणि रीसेट नंतर मारलात, तर मशीन जुन्याच डिस्कवरून उठण्याची शक्यता मोठी, कारण स्पेसिफिकेशनप्रमाणे ६० सेकंदांत रीसेट आला नाही तर बीएमसी ती निवड सोडून देऊ शकतो. दोन्ही कमांड लागोपाठ द्या.